तिथी, तारीख आणि घरातले मूल : नागपूरकडील वाढदिवसाची पूर्वपीठिका

१

घरातील मुलाचा वाढदिवस हा प्रसंग आज नागपुरात इतका रूढ झाला आहे, की त्यास काही इतिहास असावा ही शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. संध्याकाळची वेळ, बैठकीच्या खोलीत लावलेल्या पताका, वर्गातील दहा-पंधरा मुले, मेणबत्त्या लावलेला केक, तो कापण्यापूर्वी पाटावर बसवून केलेले औक्षण आणि निघताना प्रत्येकाच्या हाती दिलेला खाऊ, असा त्याचा साधारण थाट असतो. त्याविषयी दोन मते चटकन दिली जातात. एक मत असे, की हा सर्व प्रकार म्हणजे इंग्रजी राज्याबरोबर आलेले अनुकरण होय. दुसरे असे, की वाढदिवस आपल्याकडे पूर्वापार होताच. केक तेवढा नवा. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. तथापि मूळ प्रश्नाला दोन्ही बगल देतात. वाढदिवस साजरा करावयाचा तर आधी जन्माचा दिवस ठाऊक असला पाहिजे, आणि तो दरवर्षी कोणत्या गणनेने ओळखावयाचा हेही ठरलेले असले पाहिजे. हे ज्ञान कोणाजवळ होते, कोणाजवळ नव्हते, आणि ज्यांच्याजवळ नव्हते त्यांच्याकडे ते कोणत्या वाटेने आले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. नागपूर शहर व त्याभोवतीचा विदर्भ यांच्या संदर्भात त्याचा येथे विचार केला आहे.

२

प्रथम शास्त्राचा पक्ष पाहू. धर्मशास्त्रातील निबंधग्रंथांत जन्मतिथीच्या दिवशी करावयाच्या विधीस वर्धापन अथवा अब्दपूर्ती असे नाव आहे. महाराष्ट्रात जो ग्रंथ घरोघरच्या पुरोहितांच्या हाती असे, तो पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा 'धर्मसिंधु' शके १७१२ मध्ये, म्हणजे इ. स. १७९०-९१ च्या सुमारास, पूर्ण झाला. त्यात हा विधी तपशिलाने दिला आहे. पहिल्या वर्षी तो दर महिन्यास जन्मतिथीवर, पुढे वर्षातून एकदा करावा. अभ्यंगस्नान व नवे वस्त्र झाल्यावर कुलदेवता, जन्मनक्षत्र व मातापिता यांच्याबरोबर मार्कंडेय, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या चिरंजीवांचे आणि षष्ठीदेवीचे पूजन करावे. षष्ठीस दहीभाताचा नैवेद्य दाखवावा. तीळ व गूळ घातलेले दूध प्यावे. त्या दिवशी नखे व केस कापू नयेत, मांसाहार, कलह व प्रवास टाळावा.

या विधीतील देवतांची निवड बोलकी आहे. मार्कंडेय हा अल्पायुषी असूनही मृत्यूला जिंकणारा मुलगा. चिरंजीव तर नावाप्रमाणेच मरणापलीकडले. आणि षष्ठी ही अर्भकांची रक्षणकर्ती, जिला मराठी घरांत सटवाई म्हणून ओळखतात. जन्मानंतरच्या सहाव्या रात्री तिच्यापुढे कोरा कागद व दौत-लेखणी ठेवण्याची चाल सर्वश्रुत आहे. तात्पर्य, वर्धापन हा प्रथमतः आनंदोत्सव नव्हे, तर आयुष्याची याचना होय. मराठीत 'औक्ष' म्हणजे आयुष्य व 'औक्षवंत' म्हणजे दीर्घायुषी. औक्षणाचा हेतू त्या शब्दातच उघड झाला आहे.

पण या विधीस एक अट आहे. जन्माची तिथी, नक्षत्र व मास यांचे टिपण घरात असले पाहिजे. जन्मतिथी दोन दिवस आल्यास नक्षत्रयुक्त दिवस घ्यावा, जन्ममास अधिक आल्यास निज मासात विधी करावा, असले निर्णय करण्यासाठी पंचांग व ते वाचणारा हवा. म्हणजे ज्या घरी जन्मपत्रिका मांडली जाई, त्याच घरी वर्धापन संभवे. भोसल्यांच्या राजवाड्यात, महालातील सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यांत, भिक्षुक व कारकून यांच्या घरी ही सामग्री होती. कोष्टी, कुणबी, तेली, महार, गोंड अशा बहुसंख्य घरांत पत्रिका मांडण्याचा प्रसंग क्वचितच येई. तेव्हा 'वाढदिवस पूर्वापार होता' हे विधान खरे असले, तरी ते कोणापुरते खरे आहे हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ राहत नाही.

३

मग ज्या घरांत जन्मतिथीचे टिपण नव्हते, त्या घरांत मुलांचे कौतुक होत नसे काय? होत असे, आणि विपुल होत असे. मात्र ते एका मुलाच्या जन्मदिवसाशी जोडलेले नव्हते. ते वर्षाच्या चक्रात ठरलेल्या दिवशी, घरातील व आळीतील सर्व मुलांचे मिळून होई. या प्रसंगांची मालिका पाहिली, म्हणजे आजच्या वाढदिवसातील पुष्कळशा गोष्टींचे मूळ कोठे आहे ते ध्यानात येते.

श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीवर लावून आई मुलांना ओवाळते. श्रावण अमावास्येस, म्हणजे पोळ्याच्या दिवशीच, पिठोरीचे व्रत असते. त्यात आई वाणाचे ताट डोक्यावर घेऊन 'अतीत कोण?' असे विचारते, आणि मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते मागच्या मागे घेते. व्रताची कथा अशी, की एका सुनेची मुले दरवर्षी याच दिवशी मरत असत. प्रश्नोत्तराचा हा खेळ त्या कथेच्या पार्श्वभूमीवर पाहिला, की त्यातील गांभीर्य कळते. मूल जिवंत आहे, आपल्या नावाने उत्तर देत आहे, याचीच ती वर्षातून एकदा घेतलेली खात्री होय.

दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूरचा तान्हा पोळा येतो. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला अशी परंपरा सांगितली जाते. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल. या पोळ्यात मुलांचे लाकडी नंदी. ते रंगवून, झूल घालून, गळ्यात माळा घालून मुले तोरणाखाली आणतात आणि नंतर घरोघर नेतात. प्रत्येक घरी नंदीची पूजा होते व मुलाच्या हाती पैसे किंवा खाऊ पडतो. त्यास 'बोजारा' म्हणतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी येथील तान्हा पोळाही प्रसिद्ध आहे. पुष्कळ घरांत आजोबांचाच नंदी नातू ओढतो. मुलाने सजून घराबाहेर पडावे व आळीने त्यास भेट द्यावी, ही या दिवसाची रीत आहे. आजच्या वाढदिवसात पाहुणे भेटी घेऊन घरी येतात. येथे मूलच सर्वांच्या घरी जाते.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विदर्भात मुलींच्या भुलाबाई बसतात. संध्याकाळी एकेका घरी गाणी होतात व शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखावयाचा असतो. ज्या घरी गाणी, त्या घरच्या आईला आज कोणता पदार्थ केला म्हणजे मुलींना ओळखता येणार नाही याचा विचार दुपारपासूनच करावा लागे. कोजागिरीस ज्येष्ठ अपत्याचे औक्षण होते. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी तान्ह्या मुलाचे बोरन्हाण घालतात. काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, रेवड्या. ओतलेला हा खाऊ वेचण्यासाठी आळीतील मुले मुद्दाम बोलावलेली असतात. एका मुलाभोवती इतर मुले जमणे, त्यास सजविणे, सर्वांस खाऊ वाटणे हे जे आजच्या वाढदिवसाचे स्वरूप, त्याचा सर्वांत जवळचा पूर्वज हाच होय. त्याची तयारीही लहान नसे. साखरेच्या पाकातून हलव्याला काटा आणणे हे कित्येक दिवसांचे काम असे. पण त्यास जन्माची तारीख लागत नाही. मूल या संक्रांतीला घरात आहे, एवढे पुरे.

हे प्रसंग सामूहिक का राहिले, याची उपपत्ती बालमृत्यूच्या प्रमाणात शोधावी लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे वर्षाच्या आत मरत. २०२० मध्ये हे प्रमाण हजारी २८ होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ज्या प्रांतांचे सर्वाधिक नुकसान झाले, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडची गणना होते. अशा स्थितीत एका मुलाचे वय मोठ्याने मोजणे, त्याच्याकडे सर्वांचे लक्ष वेधणे म्हणजे दृष्टीला आमंत्रण देणे होते. आधीची मुले गेलेल्या घरी धोंडू, दगडू, केरबा, उकंडराव अशी नावे ठेवीत, ती याच भीतीने. सर्व मुलांना एका ओळीत बसवून ओवाळण्यात प्रेम तेवढेच होते. धोका मात्र कमी वाटत असे.

या सामूहिकतेस मर्यादाही होत्या, हे विसरता कामा नये. ओवाळण्याचा मान सवाष्णींचा. घरातली विधवा आत्या अथवा आजी हलवा करी, खाऊ बांधी, पण निरांजन हाती घेत नसे. आळीतील मुले म्हणजे बहुधा आपल्याच ज्ञातीची मुले. गावाच्या कडेला असलेल्या वस्तीतील मुलास या खाऊचा वाटा ओसरीवर बसून मिळत नसे.

४

जन्माची तारीख घराघरांत आली ती धर्माच्या किंवा हौसेच्या वाटेने नव्हे. ती दप्तराच्या वाटेने आली. युरोपातही हेच घडले होते. इंग्लंडमध्ये १५३८ पासून व फ्रान्समध्ये १५३९ पासून चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या झाल्या. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालपणाच्या इतिहासाचा आरंभच या मुद्द्याने केला आहे, की आपले नेमके वय सांगता येणे ही माणसाला शासनाने व नोंदवहीने लावलेली सवय आहे.

नागपूरचे राज्य तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर, १८५३-५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १८६७ मध्ये रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. या सर्व संस्था तारखेवर चालत. पगार, भोंगा, आगगाडी, कचेरीची सुट्टी यांना तिथी ठाऊक नव्हती. गावात जन्म-मृत्यू कळविण्याचे काम कोतवालाकडे असे. त्याच्या नोंदीचे पुस्तक आजही विदर्भात 'कोतवाल बुक' म्हणून ओळखले जाते, आणि जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल काढण्याकरिता लोक तहसील कचेरीत जातात. या पुस्तकात बहुधा मुलाचे नावच नसते. अमक्यास मुलगा झाला अथवा मुलगी झाली, एवढेच असते. बारशाच्या आधीच नोंद झालेली. शिवाय नोंदीचा दिवस व जन्माचा दिवस एकच असेल असेही नाही. घराला नाव ठाऊक, दिवस ठाऊक नाही. सरकारला दिवस ठाऊक, नाव ठाऊक नाही. अशी ही विलक्षण स्थिती होती.

दोहोंची गाठ शाळेत पडली. १९२० मध्ये मध्यप्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळांचा विस्तार होऊ लागला. दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नसे. बाप सांगे, 'मोठ्या पुरानंतरच्या पोळ्याला झाला', किंवा 'ज्वारी निघाली तेव्हाचा'. गुरुजी मुलाची उंची, दात, कानाला हात पोचतो की नाही हे पाहून वय ठरवीत, आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून अथवा १ जुलै ही तारीख मांडून टाकीत. महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीचे वाढदिवस या दोन दिवशी येतात, त्याचे कारण हेच. त्याच तारखेवर पुढे मॅट्रिकचे प्रमाणपत्र, नोकरीचे सर्व्हिस बुक व निवृत्तीचा दिवस ठरला. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या शारदा कायद्याने वधूवरांच्या वयाला किमान मर्यादा घातली, तेव्हा तर मुलीचे वय हा केवळ घरचा विषय उरला नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने सर्व देशात एक पद्धती आली. आणि २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला.

तिथी व तारीख यांचा हा झगडा घराबाहेरही चालू होता. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते, सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणारा अधिक मास तिला पुन्हा पुढे नेतो, आणि तिथी व तारीख साधारणपणे एकोणीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात. महात्मा गांधींचा जन्मदिवस एकीकडे २ ऑक्टोबर, तर दुसरीकडे खादीच्या कार्यकर्त्यांत भाद्रपद वद्य द्वादशी, म्हणजे चरखा द्वादशी, असा दोनदा पाळला जाई. शिवजयंतीविषयी १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया हा भेद अद्याप चालू आहे. सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे विद्वान डॉ. के. ल. दप्तरी हे सभासद होते. त्या समितीच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. पण त्या पंचांगाच्या दिनांकाने मुलाचा वाढदिवस करण्याची चाल घरांत पडली नाही. राज्याने दिलेली एक गणना घराने स्वीकारली, कारण तिच्यावर शाळा व पगार अवलंबून होते. दुसरी स्वीकारली नाही, कारण तिच्यावर काहीच अवलंबून नव्हते. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'ने तिथी व तारीख एका चौकोनात छापून मराठी घराची अडचण बरीचशी सोडवली.

५

तारीख हाती आल्यावर समारंभाचे रूप बदलणे क्रमप्राप्त होते. केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल अठराव्या शतकापासून जर्मन प्रदेशात आढळते, आणि इंग्रजांबरोबर ती कामठीची छावणी व सिव्हिल लाइन्सचे बंगले येथपर्यंत पोचली. तथापि छावणीतून ती थेट महाल-इतवारीत गेली असे मानणे चुकीचे ठरेल. मधला दुवा शाळा हाच होता. वाढदिवसाचे जे इंग्रजी गाणे आज सर्वत्र म्हटले जाते, त्याची चाल १८९३ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील हिल भगिनींनी बालवर्गातील सकाळच्या अभिवादनासाठी प्रसिद्ध केली होती, ही गोष्टही सूचक आहे. वर्गात वाटलेल्या गोळ्या, मग वर्गमित्रांना घरी बोलावणे, या क्रमाने वाढदिवस मध्यमवर्गीय घरांत शिरला.

त्याबरोबर निमंत्रितांची यादी बदलली. बोरन्हाणाला आळी येई, वाढदिवसाला वर्ग येऊ लागला. वर्गातील मुले निरनिराळ्या ज्ञातींची. तेव्हा कित्येक घरांत परज्ञातीचे मूल प्रथम माजघरापर्यंत आले ते या निमित्ताने. ही लहान घटना नव्हे. वेळही बदलली. सकाळच्या अभ्यंगाऐवजी, वडील कचेरीतून परतल्यावरची संध्याकाळ ठरली. खर्चाचा हिशेब वेगळा झाला. पूर्वी सणाचा खर्च वर्षाच्या अंदाजात धरलेला असे. आता घरात तीन मुले तर तीन तारखा, आणि एकाचे केले ते दुसऱ्याचे न केल्यास रुसवा. ज्या आईने पूर्वी सर्वांना एका ओळीत ओवाळले, तिच्यावर आता प्रत्येकाचा दिवस ध्यानात ठेवून त्याच्या आवडीचा पदार्थ करण्याचे काम पडले. मुलीच्या बाबतीत मात्र हा बदल अनुकूल ठरला. तारखेने मुलगा व मुलगी असा भेद केला नाही. मुलाचा दिवस केला, मग मुलीचा का नाही, हा प्रश्न घरातच विचारला जाऊ लागला.

जुने पूर्णपणे गेले असेही नाही. दिवा फुंकून विझविणे मराठी घरात अशुभ मानतात. तो 'मालवतात' किंवा 'शांत करतात'. म्हणून मेणबत्ती फुंकण्याआधी निरांजनाने ओवाळून घेण्याची तोड घरोघरच्या बायकांनी काढली. एका ज्योतीने आयुष्य मागावयाचे व दुसरी हसत फुंकावयाची, हा विरोध कोणास खटकत नाही. कारण पहिली आईची असते व दुसरी मित्रांची.

६

या इतिहासाची दुसरी बाजू नागपूरच्या वस्त्यांत पाहावी लागते. ज्यांच्याजवळ पत्रिका नव्हती आणि ज्यांची तारीख गुरुजींनी लावली होती, त्यांच्यात एका जन्मतारखेने असाधारण स्थान मिळविले. ती तारीख १४ एप्रिल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती १९२८ मध्ये पुणे येथे जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी प्रथम जाहीरपणे साजरी केली. पुढे नागपूरच्या वस्त्यांत ती घरोघरचा सण झाली. सडा-रांगोळी, मुलांना नवे कपडे, गोडाचे जेवण, रात्री रोषणाई हे सर्व त्या दिवशी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत ब्राह्मणाकरवी क्रियाकर्मे न करण्याची प्रतिज्ञा होती. जुन्या विधींबरोबर तिथीचे बंधनही बऱ्याच अंशी सुटले, आणि मुलाचा वाढदिवस त्रिशरण-पंचशील म्हणून, तारखेनेच होऊ लागला. मात्र धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस स्वतः १४ ऑक्टोबर व विजयादशमी अशा दोन्ही गणनांनी ओळखला जातो, आणि दीक्षाभूमीवर मोठा समुदाय जमतो तो दसऱ्यालाच. यावरून तिथी म्हणजे जुने व तारीख म्हणजे नवे, असा सरळ हिशेब मांडता येत नाही हेही दिसते.

१४ एप्रिलचे वैशिष्ट्य असे, की तो एका व्यक्तीचा जन्मदिवस असून सर्व मुलांचा सामूहिक सण आहे. बोरन्हाण किंवा तान्हा पोळा यांची सामूहिकता आणि वाढदिवसाची निश्चित तारीख, ही दोन्ही अंगे येथे एकत्र आली. ज्या बापाची स्वतःची तारीख १ जुलै अशी ठोकळ लावलेली होती, त्याने मुलाच्या जन्माची खरी तारीख दवाखान्याच्या कागदावरून जपून ठेवावी आणि त्या दिवशी पाच मुले घरी बोलवावी, यात हौसेपेक्षा अधिक काही आहे. आपले मूल अमुक दिवशी जन्मले ही गोष्ट जगाने नोंदली आणि घराला ती ठाऊक आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेलेले ज्ञान त्यात प्रथमच हाती आलेले असते.

७

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शास्त्रोक्त वर्धापन हा वाढदिवसाचा एक पूर्वज आहे. पण तो पत्रिका असलेल्या थोड्या घरांचा. दुसरी, बहुसंख्य घरांत मुलांचे कौतुक जिवती, पिठोरी, तान्हा पोळा, भुलाबाई व बोरन्हाण या सामूहिक प्रसंगांनी होत असे, आणि खाऊ, भेट, सजावट व औक्षण ही आजच्या वाढदिवसाची अंगे तेथूनच आली आहेत. तिसरी, वाढदिवसाला आवश्यक असलेली तारीख घराला दप्तराने दिली, आणि ती सर्वांना एकाच वेळी मिळाली नाही. वाढदिवस हा घरगुती सण असला, तरी त्याचा दिवस घराने एकट्याने ठरविलेला नाही.

या विषयाची साधने दूर शोधावयास नकोत. गावोगावची कोतवाल बुके, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे आणि जुन्या घरांतील पत्रिकांची बासने ही आजवर जात, जमीन व वारसा यांच्या पुराव्यासाठी चाळली गेली. एका गावापुरती जरी ही तिन्ही शेजारी ठेवून वाचली, तरी कोणत्या मुलाचा जन्म कोणी, केव्हा व कशासाठी लक्षात ठेवला हे सांगता येईल. ज्यांच्या नावापुढे १ जून व १ जुलै लिहिले आहे, ती माणसे आता वृद्ध होत चालली आहेत. आपण कोणत्या पुरानंतर, कोणत्या पिकाच्या वेळी जन्मलो हे आईकडून ऐकलेले त्यांना अजून आठवते. ते लिहून घेण्याचे काम मात्र रजिस्टराप्रमाणे पुढील पिढीसाठी थांबणार नाही.